जातिवंत घोडा आणि नात्यातील जोड

मोगल अमदानीत सुरतेच्या बंदरी अरबस्तान-इराणकडील घोडे गलबतांतून उतरत. खंबायतच्या आखातापलीकडील काठेवाडी घोड्यात अरबी रक्त मिसळले आहे, असे जाणते सांगतात. समुद्रावाटे येणारे ते नवे रक्त आता आटले आहे. तेव्हा उरलेल्या थोड्या घोड्यांतच जोड्या लावणाऱ्याने एक धोका ओळखला पाहिजे.

देखणा घोडा निपजला, की त्याच्याच लेकी-नाती त्याला दाखविण्याचा मोह होतो. शिंगराला प्रत्येक जनुकाची एक प्रत आईकडून व एक बापाकडून मिळते. एकीतील दोष बहुधा दुसरी झाकते. परंतु बाप-लेकीच्या जोडीत दोन्ही प्रती मूळ एकाच प्रतीच्या असण्याचा संभव शंभरात २५, सावत्र भावंडांत साडेबारा. मग झाकलेला दोष उघडा पडतो. अरबी घोड्यांतील अशा एका दोषाच्या दोन वाहकांची जोड लावली, तर सरासरी चारांतील एका शिंगराला रोगप्रतिकारशक्तीच नसते. ते काही महिन्यांत दगावते. त्याचे जनुक १९९७ साली सापडले. आता तपासणीने वाहक ओळखता येतो.

काही दोष तर जन्मापूर्वीच घात करतात. घोडी सुमारे ११ महिने गाभण राहून बहुधा एकच शिंगरू देते. गर्भ आरंभीच जिरला, तर मालक तिलाच वांझ ठरवितो. दोष तिचा नसून जोडीचाही असू शकतो. घोडी विकण्यापूर्वी तिची वंशावळ पाहावी आणि पुढील हंगामात तिला दूरच्या घराण्यातील घोडा दाखवावा.