आजी, आज वार कोणता?



खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन झालेल्या आजी पहिला दिवस व्यवस्थित असतात. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला सलाईनची सुई उपसू लागतात, सुनेलाच 'तू कोण गं?' म्हणतात, चादरीवरच्या नसलेल्या मुंग्या झटकतात. सकाळी पुन्हा ठीक. रात्री तोच प्रकार. कुणी म्हणतं, वात झाला. कुणी बाहेरची बाधा काढतं. आणि बहुतेक घरांत 'वय झालं' म्हणून विषय संपतो. माझा राग आहे तो या शेवटच्या वाक्यावर.

आपण कुठे आहोत, किती वाजले, समोर कोण आहे, याचं भान सुटणं म्हणजे डिसओरिएंटेशन. सहसा वेळेचं भान आधी जातं, मग जागेचं आणि शेवटी माणसांचं. पण हे तापासारखं नुसतं लक्षण आहे. ते कशामुळे आलं, हे शोधावं लागतं.

डॉक्टर तारीख-वार विचारतात ते उगाच नव्हे. 1975 साली आलेल्या मिनी मेंटल स्टेट चाचणीत 30 पैकी 10 गुण स्थळकाळाच्या भानाचेच आहेत. अर्थात तारीख चुकली, तरी 'आज संकष्टी, चंद्र उगवल्याशिवाय जेवायचं नाही' असं बरोबर सांगणाऱ्या आजींचं भान शाबूत आहे, हे परीक्षकाला कळायला हवं. हरियाणातल्या बल्लभगढच्या निरक्षर वृद्धांसाठी म्हणूनच या चाचणीचं हिंदी रूप मुद्दाम बदलून तयार केलं गेलं.

भान काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत सुटलं, दिवसभरात कमी-जास्त होत राहिलं, लक्ष टिकेना, तर तो डिलिरियम असू शकतो. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, सहसा महिन्या-वर्षांनी हळूहळू वाढतो. स्किझोफ्रेनियात कानात आवाज येतात, पण आज वार कोणता, आपण कुठे आहोत, हे रुग्ण बहुधा नीट सांगतो.

डिलिरियमचं मूळ बहुतेक वेळा शरीरात असतं. लघवीतला जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, रक्तातलं सोडियम उतरणं, तुंबलेली लघवी, झोपेच्या गोळ्या. रोज पिणाऱ्याची दारू एकदम सुटली, तर दोन-तीन दिवसांनी हेच होऊ शकतं आणि ते जिवावर बेतू शकतं. आरडाओरडा करणारा रुग्ण निदान लक्षात तरी येतो. गुंगीत गप्प पडून राहणाऱ्याला मात्र सगळे 'शांत झोपलेत' म्हणतात, आणि निदान हुकतं ते तिथेच.

अशा माणसाशी वाद घालू नका. चष्मा आणि कानाचं यंत्र लावा, दिवसा खिडकी उघडी ठेवा, ओळखीचं माणूस जवळ बसवा. पण हे सगळं इस्पितळात. घरी काल नीट बोलणारं माणूस आज बरळू लागलं, तर सकाळची वाट पाहू नका. 108 ला फोन करा, आणि ते घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या.