बागेचं फाटक उघडं ठेवा



सप्टेंबर लागला की तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ या पट्ट्यात कोणतेही दोन बागायतदार भेटोत, तिसऱ्या वाक्याला एकच विषय निघतो. "मग, छाटणी कधी धरताय?" एसटीच्या थांब्यावर, डेअरीच्या रांगेत, अगदी सावडायला जमलेल्या माणसांतसुद्धा हा प्रश्न हलक्या आवाजात फिरत असतो. ऊसवाला दुसऱ्या ऊसवाल्याला असं गाठून विचारत नाही. द्राक्षवाल्याला मात्र विचारल्याशिवाय राहवत नाही, आणि समोरच्याला सांगितल्याशिवाय. गावोगाव द्राक्ष बागायतदारांचे जे गट आहेत, मंडळं आहेत, त्यांच्या बैठका आणि बागफेऱ्या या विचारपुशीतूनच उभ्या राहिल्या. आज त्यांच्याबद्दल बोलायचं आहे.

द्राक्षवालेच एवढे का जमतात? माझ्या मते याचं कारण माणसांच्या स्वभावात नाही, वेलीत आहे. थंड देशांत वेल हिवाळ्यात पानं गाळून झोपते आणि थंडी सरली की आपली आपण फुटते. आपल्या हवेत तिला तशी झोप मिळत नाही. म्हणून आपण वर्षातून दोनदा कात्री लावतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, आणि पाऊस सरता सरता फळछाटणी, म्हणजे आपली ऑक्टोबर छाटणी. कात्री लागली की मोजणी सुरू. तिथून पुढं बागायतदार तारीख बोलत नाही, दिवस बोलतो. "आमचा आज बाविसावा." "तात्यांचा चाळिसावा, फुलोरा संपत आला." पस्तीस-चाळीस दिवसांच्या आसपास फुलोरा, मग मणी धरणं, थिनिंग म्हणजे मण्यांची विरळणी, डिपिंग म्हणजे घड संजीवकात बुडवणं, मण्यात पाणी उतरणं आणि सव्वाशे दिवसांच्या पुढं काढणी. पाच-सात दिवस इकडे-तिकडे होतात, पण सगळ्यांचं मोजमाप एकच. त्यामुळं माझ्या बागेतला बाविसावा दिवस मला तुमच्या बाविसाव्या दिवसाशेजारी ठेवून बघता येतो. आंबेवाल्याला ही सोय नाही. त्याचं झाड कधी मोहरेल ते झाडच ठरवतं.

आणि सगळे एकाच दिवशी छाटत नाहीत, हे त्याहून महत्त्वाचं. नाशिककडं सटाणा-कळवण भागात आगाप छाटण्या भर पावसाळ्यातच होतात. आपल्याकडं कुणी ऑगस्टच्या शेवटी धाडस करतो, कुणी दसऱ्याची वाट बघतो, कुणी दिवाळी येईपर्यंत थांबतो. जो पुढं गेला त्याच्या बागेत जे घडतं, ते मागच्याला आधीच बघायला मिळतं. त्याचे घड जिरले का, पोंग्यात पाऊस सापडला का, डाऊनी हा बुरशीचा रोग कोणत्या अवस्थेत शिरला, हे सगळं. आगाप छाटणीवाला भावही चांगला घेतो आणि मारही पहिला खातो. त्याच्या बागेत जाऊन आलेला माणूस आपल्या बागेत वेगळ्या डोळ्यांनी उभा राहतो. गटाची खरी कमाई ही आहे. पेंड सवलतीत मिळणं, औषध एकगठ्ठा घेणं, याही गोष्टी आहेत, पण त्या दुकानदारसुद्धा करून देऊ शकतो.

चांगली बागफेरी कशी असते? एक तर ती दिवस धरून ठरवलेली असते. "रविवारी सवड आहे म्हणून" केलेली फेरी म्हणजे सहल. घड नुकते दिसायला लागलेत तेव्हा एकदा, फुलोऱ्याआधी एकदा, थिनिंगच्या वेळी एकदा. माणसं पंधरा-वीसच बरी. त्याहून जास्त झाली की मांडवाखाली पुढच्यांना दिसतं आणि मागचे तंबाखू मळत गप्पा मारतात. दुसरं म्हणजे, यजमानानं आधी बागेतली सगळ्यात वाईट ओळ दाखवायची. रस्त्याकडेची ओळ सगळ्यांचीच बरी असते. पाणी साचणारा कोपरा, विहिरीकडचा चुनखडीचा तुकडा, जिथं वेल पिवळी पडते, तिथं आधी न्यायचं. आणि तिसरं, औषधाचं नाव शेवटी विचारायचं. आधी काडी बघायची, पानं मोजायची, बोद उकरून पांढरी मुळी चालू आहे का ते बघायचं. औषधाचं नाव आधी निघालं की पुढं कुणी वेलीकडं बघतच नाही, सगळे मोबाइलमध्ये नाव लिहून घेतात.

हा पानं मोजण्याचा नाद आपल्या भागाला लावला तो श्रीपाद दाभोळकरांनी. आज ज्यांची नातवंडं बागा बघतात अशा माणसांना ते आठवत असतील. दाभोळकर गणिताचे प्राध्यापक. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात काम केलं, पुढं कोल्हापूरला असत. शेतीची पदवी नाही, खात्याचा शिक्का नाही. त्यांनी प्रयोग परिवार उभा केला. शेतकऱ्यानं आपल्या बागेत छोटा प्रयोग करायचा, मोजायचा, लिहून ठेवायचा आणि दुसऱ्या प्रयोग करणाऱ्याला सांगायचा, एवढंच त्याचं काम. त्यांचा रोख सूर्यप्रकाशावर होता. पान म्हणजे साखर तयार होण्याची जागा. मग एका घडाला किती पानं लागतात, त्यातल्या किती पानांवर खरोखर ऊन पडतं, हे मोजा, असं ते सांगत. आज कोणत्याही बागेत गेलात तर एका काडीवर घडासाठी साधारण पंधरा पानं राखा, असं सहज सांगितलं जातं. ते सहज झालं, त्यामागं अशा मोजणाऱ्या शेकडो माणसांच्या वह्या आहेत. मला दाभोळकरांचं मोठेपण त्यांच्या सिद्धांतांपेक्षा एका साध्या आग्रहात वाटतं: शेतकऱ्यानं शेतकऱ्याला पत्र लिहावं, त्याच्याकडं जाऊन यावं. तज्ज्ञ मध्ये असलाच तर बाजूला बसलेला.

वाणांची गोष्टही याच वाटेनं गेलेली आहे. एके काळी आपल्याकडं भोकरी, पंढरी साहेबी, अनाबेशाही अशी बियांची द्राक्षं होती. मग बिनबियांची थॉमसन आली आणि तिनं सगळं बदललं. पण थॉमसनच्या बागेतही कधी कधी एखाद्या वेलीवर, एखाद्या काडीवर मणी निराळे लागतात, लांबट, फुगीर किंवा वेगळ्या रंगाचे. शंभर माणसं ती काडी छाटून टाकतात. एखादा तिला दोरी बांधून ठेवतो, पुढच्या वर्षी तिच्या काड्या वेगळ्या लावतो. तास-ए-गणेश ही अशीच थॉमसनमधून निवडलेली, तासगाव तालुक्यातल्या बागायतदारांनी. सोलापूरजवळच्या नान्नजला नानासाहेब काळ्यांनी सोनाका काढली, आणि काळ्या द्राक्षांत शरद सीडलेस. विद्यापीठांनी त्यांची तपासणी नंतर केली. आधी ती बांधाबांधानं पसरली. पाव्हण्याला पिशवीत काड्या, मित्राला पिशवीत काड्या. बागफेरीहून परतताना गाडीच्या डिकीत ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या काड्या नाहीत, असं त्या काळी क्वचित व्हायचं.

इथं एक नवी अडचण आलेली आहे, ती सांगायला हवी. अलीकडं 'आरा'सारखे परदेशी वाण करारावर लावले जातात. मणी जाड, कडक, रंग चांगला, थिनिंगची मजुरी कमी. फायदा आहे, नाही असं नाही, आणि ज्यानं वर्षानुवर्षं खपून वाण तयार केला त्यानं मोबदला मागितला तर त्यात वावगं काय? पण त्या वाणाची काडी शेजाऱ्याला देता येत नाही. म्हणजे बाग बघायला बोलवायचं, चहा पाजायचा आणि मोकळ्या हातानं परत पाठवायचं. आमच्या पिढीला हे जड जातं. तरुण मुलं म्हणतात, काडी नाही दिली तरी हिशेब देता येतो. तेही खरं आहे.

आता मोठ्या मेळाव्यांकडं येतो. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ हे आपलं सगळ्यांचं मोठं घर. पुण्याजवळ मांजरीला त्याचं काम चालतं; नाशिक, पुणे, सांगली, सोलापूर असे विभाग आहेत; छाटण्यांच्या आधी चर्चासत्रं होतात; वार्षिक अधिवेशनाला मांडव अपुरा पडतो. मांजरीलाच 1997 सालापासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. बागायतदारांचा संघ आणि संशोधकांचं केंद्र एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर, अशी सोय फार थोड्या पिकांना आहे. तिथं जायलाच हवं. पण मोठ्या चर्चासत्रांबद्दल एक तक्रार मी उघडपणे करतो. हल्ली बऱ्याच ठिकाणी जेवण एका कंपनीचं, मंडप दुसरीचा, टोप्या तिसरीच्या. भाषण छाटणीवर सुरू होतं आणि डब्यांच्या यादीवर संपतं. पाचशे माणसांसमोर उठून "माझे अर्धे घड जिरले, का ते सांगा" असं विचारायला कुणाची छाती होत नाही. तो प्रश्न पंधरा माणसांतच निघतो, आणि तोही चौथ्या-पाचव्या भेटीत.

छोट्या गटाचं महत्त्व आपल्याला 2010 साली फार महागात पडून कळलं. त्या हंगामात युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश सापडला. आपण ज्याला सीसीसी म्हणतो, वाढ रोखायला वापरतो, तेच. तिकडच्या मर्यादेपेक्षा अंश जास्त निघाला आणि कंटेनर अडकले. मालाची प्रत चांगली, साखर चांगली, तरी दारात उभा राहिलेला माल. ज्यांनी काही मारलं नव्हतं असं म्हणणारेही त्यात होते, कारण कोणत्या मिश्रणात काय आहे हे डब्यावरून कळतंच असं नाही. त्यानंतर काही गटांनी चांगली पद्धत पाडली. प्रत्येकानं फवारणीची वही बैठकीत उघडी ठेवायची. काय मारलं, कितव्या दिवशी, काढणीला किती दिवस राहिलेत. कुणी ॲनेक्शर फाइव्हच्या, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षांसाठी शिफारस असलेल्या औषधांच्या यादीच्या, बाहेरचं काही मारायला निघाला तर शेजाऱ्यानं थांबवायचं. निर्यातीच्या गटात एकाची चूक सगळ्यांच्या नावावर लागते, त्यामुळं इथं भीड चालत नाही.

"आता मोबाइलवर सगळं कळतं, बैठक कशाला?" असं तरुण विचारतात. ग्रुपवर पानाचा फोटो टाकला की दोन मिनिटांत सल्ला येतो, हे मलाही आवडतं. पण फोटो बहुतेक वेळा पानाच्या वरच्या बाजूचा असतो. वरून दिसतो तो पिवळसर, तेलकट डाग. डाऊनीची पांढरी बुरशी असते पानाखाली. पान उलटून बघणारा माणूस समोर असला की निदान होतं. नाहीतर पालाशाच्या कमतरतेवर डाऊनीचं औषध आणि डाऊनीवर पालाश, असे खेळ होतात. 2009 च्या नोव्हेंबरात फयान वादळाच्या पावसानंतर नाशिकच्या फुलोऱ्यातल्या बागांमध्ये डाऊनीनं जो धुमाकूळ घातला, तो ज्यांनी जवळून पाहिला, त्यांना पान उलटायला कुणी शिकवावं लागत नाही.

आणखी एक गोष्ट, जी आमच्या बैठकांत मला कायम खटकते. खुर्च्यांवर सगळे पुरुष. आणि बागेत घडामागून घड हातात धरून थिनिंग कोण करतं? बाया. नाशिकला पेठ-सुरगाण्याहून आलेल्या, आपल्याकडं जतकडून आलेल्या किंवा घरच्या. कोणत्या ओळीत मणी एकसारखे बसलेत, कुठं घडात मणीगळ आहे, कुठं कूज, हे त्यांच्या बोटांना आधी कळतं. एका बागफेरीत मालक मोठ्या आत्मविश्वासानं सांगत होते की खालच्या टोकाला जीएचा, म्हणजे जिबरेलिक ॲसिडचा, परिणाम चांगला आलाय. मागून एक मावशी म्हणाल्या, "खालच्या टोकाला काल आम्ही मणी जास्त काढलं, म्हणून ते मोठं दिसतंय." सगळे हसले, मालकही. पण पुढच्या बैठकीला त्या मावशींना कुणी बोलावलं नाही. आता तरी बोलवा. त्यांचा दिवस मोडतो, तर दिवसाची मजुरी द्या आणि बोलवा. आणि घरची लक्ष्मी फवारणीची वही लिहीत असेल, तर बैठकीला वही एकटी येऊ नये, तीही यावी.

आता या महिन्याचं काम. फळछाटणीआधी गटानं मिळून करायची एक गोष्ट म्हणजे काडी तपासणी. कोणत्या डोळ्यात घड आहे, हे सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्याचा काप घेऊन दिसतं, आणि काडी किती डोळ्यांवर छाटायची ते त्यावरून ठरवता येतं. अंदाजानं छाटलं आणि घडाचा डोळाच कात्रीखाली गेला, तर वर्ष गेलं. एप्रिल छाटणीनंतर दीड-दोन महिन्यांत, नेमका ढगाळ हवेचा काळ सापडला की घडनिर्मिती कमी होते. त्यामुळं गेल्या वर्षीचा आकडा या वर्षी चालेलच असं नाही. तपासणीला सगळ्यांनी एकाच दिवशी काड्या आणल्या, तर एकमेकांचे निकाल शेजारी शेजारी ठेवता येतात आणि खरड छाटणीच्या तारखांशी ताडून बघता येतात.

काड्या आणताना मात्र निवडून चांगल्या आणू नका. बागेच्या चारी कोपऱ्यांतल्या आणि मधल्या ओळीतल्या घ्या, जाडही आणि बारीकही. पानं देठ ठेवून काढा, डोळ्याला इजा होऊ देऊ नका. काडी मुळाशी कापा, शेंडा कुठला ते कळेल अशी खूण करा, नाहीतर डोळे मोजायचे कुठून हेच समजणार नाही. ओल्या कागदात किंवा फडक्यात गुंडाळा आणि त्याच दिवशी पोचवा. काडी सुकली की काप नीट येत नाही. सोबत चिठ्ठीवर प्लॉट, वाण, खुंट डॉगरिज आहे की वेल स्वतःच्या मुळावर आहे ते, आणि खरड छाटणीची तारीख लिहा. दोन प्लॉटच्या काड्या एका गठ्ठ्यात बांधू नका.