हात थांबवायचा नाही

कविता शिकवता येते का, हा प्रश्न मला आजवर शंभरदा तरी विचारला गेला असेल. मी साधा बी.ए. झालेला माणूस. शिबिरात वृत्तं सांगायची, गझलेचे काफिया-रदीफ सांगायचे आणि मोकळं व्हायचं, अशी माझी पद्धत. तीन वर्षांपूर्वी भाचीनं एक पुस्तक हातात ठेवलं. ते कुणा कवीचं नव्हतं, लिंडा बॅरी नावाच्या अमेरिकन व्यंगचित्रकार बाईंचं होतं.

लिंडाबाईंचा जन्म १९५६ चा, विस्कॉन्सिन राज्यातला. आईकडून नातं फिलिपिन्सशी, वडील खाटीक. बाई सिएटलमध्ये वाढल्या. शाळेत असतानाच रात्रपाळीला रुग्णालयात झाडलोट करायच्या. पुढे जवळजवळ तीस वर्षं त्यांची चित्रमालिका साप्ताहिकांतून येत राहिली. मग ती साप्ताहिकं एकेक करून आटली, मालिका २००८ साली थांबली. पोटासाठी आणि हौसेसाठीही बाई कार्यशाळांकडे वळल्या. त्या कुणासाठी? तर लेखक व्हायचा नाद ज्यांनी कधीच सोडून दिला, त्यांच्यासाठी. केस कापणारे, झाडूवाले, कचेरीतले कारकून. नंतर त्या मॅडिसनच्या विद्यापीठात प्राध्यापक झाल्या, २०१९ मध्ये मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. तिथं त्यांनी पीएच.डी. करणाऱ्यांच्या शेजारी चार वर्षांची मुलं सहकारी म्हणून बसवली! त्यांचं म्हणणं असं, की नाक आणि हात काढायला जमेनासे झाले की मुलं चित्रं सोडतात, ती कायमची.

कॉलेजात मॅरिलिन फ्रास्का या शिक्षिकेनं त्यांना विचारलं होतं, प्रतिमा म्हणजे काय? तो प्रश्न बाईंनी जन्मभर सोडला नाही. आम्ही कवी प्रतिमेला अलंकारासारखं वापरतो. बाईंच्या लेखी ती लहान मुलाच्या काखेतल्या मळक्या बाहुलीसारखी असते. इतरांना चिंधी, त्याला जिवंत.

त्यांची रीत सोपी आहे. दहा जुन्या गोष्टींची यादी करायची, त्यातली एक निवडायची. आपण कुठं उभे आहोत, डावीकडे काय, मागे काय, पायाखाली काय, हे टिपायचं. मग सात-आठ मिनिटं हातानं लिहायचं. हात थांबवायचा नाही. अडलं तर मुळाक्षरं गिरवायची. वाचणाऱ्याकडे कुणी पाहायचं नाही. ऐकताना कागदावर मधून बाहेर गोल गोल रेघ काढत राहायचं, रेघेला रेघ चिकटू द्यायची नाही. आणि मतप्रदर्शन बंद. हे शेवटचं मला पटेना. मुशायऱ्यात वाढलेला माणूस मी, दाद नसेल तर आमचा श्वास अडकतो.

तरीही गेल्या पावसाळ्यात आमच्या वाचनालयात ही रीत करून पाहिली. अकरा जण आले. त्यात एक निवृत्त एस.टी. कंडक्टर होते, माझे बालपणीचे सवंगडी, एकाच गल्लीतले. १९९३ च्या जानेवारीनंतर आम्ही ती गल्ली सोडली. भांडण काहीच नव्हतं. पण तेव्हापासून ‘कसं काय’च्या पुढं आमचं बोलणं गेलं नाही.

विषय बाईंच्याच वहीतला दिला : दुसऱ्यांच्या आया. दहा नावं लिहा, एक निवडा.

त्यांची पाळी आली. मी मान खाली घालून रेघ ओढत होतो. त्यांनी वाचलं ते असं, की एक बाई उंबऱ्यात उभी आहे, हातात पत्र्याचा डबा आहे, डब्यावर हिरवं झाकण. ईदची सकाळ. डब्यात कोऱ्या शेवया, साखर, खारीक, चारोळी. आमच्या आजीला त्यांच्या घरचं शिजलेलं चालत नव्हतं, म्हणून चाची कोरडा शिधा आणायच्या. तो डबा त्या दुसऱ्या कशालाच वापरत नसत. मी रिकामा डबा परत न्यायचो, तेव्हा तळाशी आजीनं घातलेला गुळाचा खडा असायचा.

हिरव्या झाकणाचा तो डबा आमच्या फडताळात सगळ्यात वर असे. आम्हा भावंडांना त्याला हात लावायची बंदी होती. का, ते अम्मानं कधी सांगितलं नाही. ती गेल्यावर घर आवरताना तो मीच भंगारवाल्याला दिला, दोन पितळी तांब्यांसोबत.

वाचन संपलं. फ्रास्काबाई म्हणत तसं मी ‘छान’ एवढंच म्हणालो आणि पुढच्याला खूण केली. माझ्या कागदावर रेघा केव्हाच एकमेकींना चिकटल्या होत्या.

संध्याकाळी वाचनालयासमोरच्या गाड्यावर आम्ही दोघांनी चहा घेतला. डबा मी भंगारात दिल्याचं त्याला सांगितलं. तो म्हणाला, “झाकण तेव्हाच सैल झालं होतं रे.” पैसे त्यानं दिले.