वरळीच्या चाळी : आपल्या एका वस्तीचा इतिहास



अमेरिकेत न्यूयॉर्कला हार्लेम नावाची काळ्या लोकांची वस्ती आहे. दक्षिणेतला जाच सोडून माणसं तिकडं गेली आणि जिथं घर मिळालं तिथंच कोंबली गेली. आपल्याकडं तसं पाहायचं तर वरळीला जावं.

सरकारनं १९२० साली डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं आणि मुंबईत २०७ चाळी उठवल्या. त्यातल्या १२१ वरळीत. एका चाळीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फूट. सुरुवातीला कामगार तिथं येईनात. १९३० च्या सत्याग्रहात सरकारनं तिथंच कैदी ठेवले. आता खोल्या कशा असतील, समजून घ्या!

गिरणीत आपला माणूस होता, पण साच्यावर नाही. कांडी बदलताना धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, त्याचा विटाळ! आणि विणकराला पगार जास्त. म्हणजे विटाळ कुठं खुपत होता, ते मी गिरणीवाला सांगायला नको. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढं रोखठोक ठेवला.

१९७२ ला दलित पँथर निघाली. नाव घेतलं ओकलंडच्या, १९६६ च्या ब्लॅक पँथरवरून. ५ जानेवारी १९७४ ला वरळीत पँथरची सभा उधळली, दंगल पेटली. १० तारखेच्या मोर्चावर वरून दगड आला, भागवत जाधव गेले.

ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० फुटांची घरं मिळाली. टॉवरचा महिन्याचा खर्च कसा झेपतो, हे आता त्यांनाच विचारलं पाहिजे.