रुळांचे ऋण



१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर-ठाणे गाडी धावली; १ जुलै १८५६ रोजी आपल्या रोयापुरमहून वालाजा रोडपर्यंत. १८७१ साली रायचूरला दोन्ही रूळ जुळले आणि मुंबई-मद्रास वाट खुली झाली.

हे रूळ आपल्यासाठी नव्हते. कापूस बंदरात न्यायचा, फौज हलवायची. कंपन्यांना पाच टक्के नफ्याची हमी. तूट भरायची हिंदी रयतेच्या करातून. बोरघाटात हजारो मजूर दगावले. डिप्लोमा करून मी रेल्वेत लागलो, पण त्यांतल्या एकाचेही नाव मला सांगता येणार नाही.

आज याच रुळांवरून आपण गावी आईला भेटायला जातो. श्रेय साहेबाला जरूर द्या. आधी त्या मजुरांना हात जोडा.

गणपती बाप्पा मोरया!