उद्योगशीलता आणि कामाचे व्यसन



स्मृतिव्याख्यानांत 'ते चंदनासारखे झिजले' हे शब्द हटकून येतात. त्यामागील आदराविषयी मला शंका नाही. परंतु बेळगावात अनेक वर्षे वैद्यकीय व्यवसाय केल्यानंतर मला असे वाटते की, ज्या झिजेचा आपण मृत्यूनंतर गौरव करतो, ती माणूस हयात असताना थांबविण्याचा प्रयत्न आपण क्वचितच करतो. म्हणून आजच्या व्याख्यानासाठी मी कामाचे व्यसन हा विषय निवडला आहे.

कामासारख्या पवित्र गोष्टीस 'व्यसन' म्हणणे कित्येकांना खटकेल. अमेरिकेतील धर्मोपदेशक व मानसशास्त्राचे अभ्यासक वेन ओट्स यांनी दारूच्या व्यसनावरून 'वर्कोहोलिक' हा शब्द प्रचारात आणला आणि १९७१ साली त्यावर पुस्तक लिहिले. येथे एक भेद मात्र ध्यानात घेतला पाहिजे. घरखर्च भागत नाही म्हणून उद्यमबागेतील फौंड्रीत ओव्हरटाइम करणारा कामगार व्यसनी नव्हे. त्याचा प्रश्न वेतनाचा आहे. थांबण्याची मुभा असूनही ज्याला थांबवत नाही, तो व्यसनी.

हे ओळखावे कसे? नॉर्वेतील बर्गेन विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ साली सात मुद्द्यांची एक कसोटी मांडली. कामासाठी आणखी वेळ कसा काढता येईल, याचाच विचार. ठरविल्यापेक्षा कितीतरी अधिक वेळ काम. अपराधी भावना वा चिंता विसरण्यासाठी काम. इतरांनी सांगूनही न ऐकणे. काम करू दिले नाही तर अस्वस्थता. छंद व व्यायाम यांकडे दुर्लक्ष. आणि कामापायी प्रकृतीची हानी. यांपैकी निदान चार गोष्टी वारंवार घडत असतील, तर सावध व्हावे.

सावध अशासाठी की, शरीर हा हिशेब चुकता करून घेते. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली संयुक्त अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्यास ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ वा अधिक तास काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के, तर हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्के अधिक आढळला. शरीर मात्र ते तास हौसेने केले की नाइलाजाने, हे विचारीत नाही.

दारू सोडता येते. काम सर्वस्वी सोडता येत नाही. म्हणून येथे उपाय मर्यादेचा आहे. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायातही आहार, कर्म, निद्रा व जागृती यांत प्रमाण राखण्यास सांगितले आहे. काम संपविण्याची वेळ आधी ठरवावी आणि ती घरच्यांना सांगावी. आपले काम दुसऱ्यास शिकवावे. 'माझ्यावाचून अडेल' हा समज त्यानेच ओसरतो. आरंभी रिकामपणी जीव कासावीस होईल. तो कामाने लगेच बुजवू नये. त्याच्या मुळाशी दुःख असते, भय असते, कधी नैराश्यही असते. झोप उडाली असेल, तर डॉक्टरांकडे जाण्यास संकोच करू नये.

शिक्षकांना एक विनंती. जागरण करून अभ्यास करणाऱ्या मुलाचे कौतुक करताना, वेळेवर पुस्तक मिटून मैदानावर जाणाऱ्याचेही करा. कष्टांचा आदर्श मुलांना आपण देतोच, विश्रांतीचाही द्यावा. आणि पुढे कधी याच व्यासपीठावरून कोणाविषयी 'ते सायंकाळी वेळेवर घरी जात असत' असे सांगण्यात आले, तर तोही गौरव मानावा.