तबकडीवर नसलेली नावे



बांधावरून भांडण होते, पाण्याच्या पाळीवरून होते, ते आपल्या सर्वांच्या पाहण्यातले आहे. गाण्यावरून भांडण झालेले तुम्ही पाहिले आहे काय? त्या भांडणात कोणाचे काही जात नाही, आणि शेजारी बसून ऐकणाऱ्याच्या पदरात मात्र काहीतरी पडते. असे एक भांडण मी लहानपणी सोलापुरात ऐकले. तेच आज तुम्हांला सांगणार आहे.

साठ सालानंतरची दोन-तीन वर्षे असतील. सोलापूर तेव्हा गिरण्यांचे गाव होते. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की रस्ते माणसांनी भरून जात आणि कोपऱ्यावरच्या हॉटेलात बाकावर जागा मिळत नसे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी असेच एक हॉटेल होते. गल्ल्यावर फोनो, छपरावर कर्णा. मालक एका हाताने सुट्टे पैसे मोजी आणि दुसऱ्या हाताने तबकडी बदली.

माझे मामा लग्नाच्या बँडात क्लॅरोनेट वाजवीत. नवे गाणे बसवायचे झाले की ते मला घेऊन या हॉटेलात येत. चहा सांगत आणि मालकाला म्हणत, "पुन्यांदा लाव की जरा." तीन-चार वेळा ऐकले की गाणे त्यांच्या बोटांत उतरे. बाकाच्या कडेवर त्यांची बोटे हलत असत, ती मला अजून दिसतात.

त्या दिवशी तेथे दोघांची जुंपली होती. एक गिरणीतला जॉबर, दुसरे प्राथमिक शाळेतले गुरुजी. दोघेही एकाच संगीतकाराचे भक्त, ते म्हणजे सी. रामचंद्र. वाद एवढाच की त्यांचे श्रेष्ठ काम कोणते. जॉबर म्हणे, १९५१ सालचा 'अलबेला'. गुरुजी म्हणत, १९५३ सालचा 'अनारकली'.

गुरुजी म्हणाले, "अहो, 'अनारकली'त भीमपलास आहे, बागेश्री आहे. तुमच्या 'अलबेला'त काय आहे? नुसता धांगडधिंगा!"

जॉबर म्हणाला, "गुरुजी, तुमी रागाचं सांगायलाव, मी पायाचं सांगायलोय. ते गाणं लागलं की पाय आपुआप हलत्यात. मानसाचा पाय खोटं बोलत न्हाई."

गुरुजींना यावर चटकन उत्तर सुचले नाही. तेवढ्यात जॉबरने पुढचा डाव टाकला. तो म्हणाला, "आनि एक सांगतो. ह्या गान्यांची खरी कमाई चितळकरची. काय गळा हाय त्याचा! सी. रामचंद्र नुसत्या चाली लावतो."

गुरुजी तावातावाने सी. रामचंद्रांची बाजू मांडू लागले. चितळकर कितीही चांगला गात असला तरी चाल बांधणारा मोठा, वगैरे. मामा इतका वेळ गप्प होते. ते बशीतला चहा संपवून म्हणाले, "आवो, दोगं कशाला भांडताय? चितळकर आनि सी. रामचंद्र हा येकच मानूस हाय."

श्रोते हो, हे अगदी खरे आहे. रामचंद्र नरहर चितळकर हे त्यांचे पूर्ण नाव. जन्म नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचा, १९१८ सालचा. 'सी' हे अक्षर चितळकर या आडनावाचे. चाल लावली की ते सी. रामचंद्र होत आणि स्वतः गायले की तबकडीवर 'चितळकर' एवढेच नाव येई. म्हणजे आमचे जॉबर आणि गुरुजी अर्धा तास एकाच माणसाच्या दोन नावांसाठी भांडत होते!

सगळे हसले. पण मामा हसले नाहीत. त्यांनी विचारले, "बरं, 'अलबेला' समद्यांनी पाह्यलाय न्हवं? त्यात बँड दावलाय. त्या बँडातला टरंपेट वाजिवनारा कोन, सांगा बगू."

कोणालाच सांगता येईना. मालकाने तबकडी उतरवून तिच्या मधला कागद वाचला. चित्रपटाचे नाव होते, गाणाऱ्यांची नावे होती, संगीतकाराचे नाव होते. वाजवणाऱ्यांपैकी एकाचेही नाव नव्हते. मामांना तरी ते कुठे ठाऊक होते! ते ठाऊक नाही म्हणूनच त्यांनी विचारले होते.

त्या प्रश्नाचे उत्तर मला पुष्कळ वर्षांनी पुस्तकात मिळाले. त्या वादकाला मुंबईत चिक चॉकलेट म्हणत. खरे नाव आंतोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६ सालचा, गोव्यातील हळदोण्याचा. मुंबईच्या मोठ्या हॉटेलांतून त्यांचा बँड वाजे. अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाने जाझ नावाचे संगीत घडवले, आणि लुई आर्मस्ट्राँग हे त्यातील थोर ट्रंपेटवादक. चिक चॉकलेटना लोक हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणत. रात्री ते हॉटेलात वाजवीत आणि दिवसा सी. रामचंद्रांचे सहायक म्हणून चित्रपटाच्या गाण्यांवर काम करीत. 'अलबेला'त ते आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतात. १९६७ साली ते वारले. म्हणजे आमच्या हॉटेलात तो वाद चालला होता तेव्हा ते मुंबईत हयात होते. सोलापूरहून रात्रीच्या गाडीत बसले की सकाळी मुंबई. पण त्यांचे नाव काही तेवढ्या अंतरावरून आमच्यापर्यंत आले नाही.

ही गोव्याची माणसे चित्रपटसंगीतात आली कशी, हेही समजून घेण्यासारखे आहे. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवीत. कागदावर लिहिलेले स्वर पाहून ही मुले जन्मात न ऐकलेले गाणे वाजवीत. पुढे पोटासाठी ती मुंबईस आली. चित्रपटांना मोठ्या वाद्यवृंदाची गरज लागली तेव्हा त्यांची ही विद्या कामास आली. संगीतकार पेटीवर चाल म्हणून दाखवी. मग तिच्यासाठी व्हायोलिनांनी काय वाजवायचे, ट्रंपेट कोठे उठायचे, दोन कडव्यांच्या मध्ये काय भरायचे, हे संयोजक कागदावर लिहून काढी. आंथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड ही या कामातील मोठी नावे. ध्वनिमुद्रणाच्या वेळी गाणारे आणि वाजवणारे एकदमच उभे राहत. शेवटच्या ओळीत एकाचा सूर हुकला तरी सगळे गाणे पहिल्यापासून घ्यावे लागे.

या संगतीतून काय काय निर्माण झाले, त्याचे एक उदाहरण देतो. १९५७ सालच्या 'आशा' चित्रपटात 'ईना मीना डीका' हे गाणे आहे. त्यातील शब्द निरर्थक आहेत असे आपण समजतो. परंतु त्या गडबडगुंड्यात दोन शब्द चक्क कोंकणी आहेत आणि त्यांचा अर्थ होतो 'मला नको'. सी. रामचंद्रांचे गोवेकर सहायक जॉन गोम्स यांनी ते सहज म्हणता म्हणता घातले, असे सांगतात. पुणतांब्याचा संगीतकार, गोव्याचा सहायक आणि अमेरिकेतून आलेला ठेका! त्यावर आपल्या खेड्यांतील वराती नाचल्या.

आता मामांच्या प्रश्नाकडे पुन्हा येऊ. अमेरिकेत हर्बी हॅनकॉक नावाचे मोठे पियानोवादक आहेत. १९७३ साली त्यांनी 'हेड हंटर्स' नावाची तबकडी काढली. जाझ आणि नाचाचा दमदार ठेका यांचे ते मिश्रण. तिकडे त्याला जाझ-फंक म्हणतात. पुढच्याच वर्षी 'थ्रस्ट' नावाची दुसरी तबकडी निघाली. पहिलीत ड्रमवर हार्वी मेसन होते, दुसरीत माइक क्लार्क. या दोघांत सरस कोण, यावर तिकडचे शौकीन वर्षानुवर्षे वाद घालीत आले आहेत. त्यांना तो घालता येतो, कारण वेष्टनावर प्रत्येक वादकाचे नाव आणि वाद्य छापलेले असते. आमच्या जॉबरचे कान त्यांच्याहून कमी नव्हते. 'पाय खोटं बोलत नाही' म्हणणारा माणूस ठेक्याचा जाणकारच म्हटला पाहिजे. परंतु ज्याच्या हाताने त्याचा पाय हलला, त्याचे नाव त्याला कोणी सांगितलेच नव्हते. म्हणून तो चितळकर आणि सी. रामचंद्र यांच्यात झुंज लावीत बसला.

नावे आपोआप येत नाहीत, ती विचारावी लागतात. १९४९ सालच्या 'महल' चित्रपटातील एका अत्यंत गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गाणारीचे नाव 'कामिनी' असे छापले होते. कामिनी हे चित्रपटातील पात्र. गाणाऱ्या होत्या लता मंगेशकर. हा आवाज कोणाचा, अशी श्रोत्यांची पत्रे रेडिओकडे येऊ लागली, तेव्हा कुठे खरे नाव सर्वांना कळले. तुमच्या-आमच्यासारख्या श्रोत्यांनी चार आण्यांच्या आत घडवून आणलेली ही गोष्ट आहे.

आमच्या आकाशवाणीचेही पाप पदरी घेतले पाहिजे. १९५२ च्या सुमारास चित्रपटसंगीताला येथे जवळजवळ दार बंद झाले होते. खात्याचे मंत्री बाळकृष्ण केसकर, आपलेच मराठी गृहस्थ, शास्त्रीय संगीताचे अभिमानी. लोकांनी काय केले? सुई फिरवून सिलोन केंद्र लावले! पुढे ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली आणि दार पुन्हा उघडले. लोकांना काय आवडते हे त्यांना विचारल्यावाचून ठरवू नये, एवढा धडा आम्ही त्यातून घेतला.

वादकांची चौकशी मात्र फार उशिरा झाली. ग्रेगरी बूथ या संशोधकाने मुंबईतील जुन्या वादकांच्या भेटी घेऊन २००८ साली पुस्तक लिहिले. मुंबईतील जाझवर नरेश फर्नांडिस यांचेही पुस्तक त्यानंतर निघाले. आंथनी गोन्साल्विस यांचे नशीब थोडे बरे. त्यांच्याकडे व्हायोलिन शिकलेले प्यारेलाल पुढे मोठे संगीतकार झाले, आणि १९७७ सालच्या 'अमर अकबर अँथनी'त गुरूचे नाव गाण्यातच गुंफले गेले. सारा देश ते नाव गात होता. त्या नावाचा खरा माणूस आहे, हे फार थोड्यांना ठाऊक होते.

गुरुजनहो, तुमच्यासाठी दोन कामे सुचवतो. पहिले वर्गातले. मुलांना एकच गाणे तीनदा ऐकवा. पहिल्या वेळी गळ्याकडे लक्ष द्यायला सांगा, दुसऱ्या वेळी फक्त ठेक्याकडे, तिसऱ्या वेळी दोन कडव्यांच्या मध्ये काय वाजते त्याकडे. मग विचारा, तुम्हांला काय आवडले आणि का? मुले भांडतील. भांडू द्या. 'मला आवडते' एवढ्यावर न थांबता 'अमुक जागी अमुक वाजते म्हणून आवडते' असे मूल म्हणू लागले की ते ऐकायला शिकले असे समजा.

दुसरे काम वर्गाबाहेरचे, आणि त्यात शेतकरी बंधू-भगिनींनीही हातभार लावावा. तुमच्या गावात हलगी कोण वाजवतो? संबळ कोणाचे? भजनी मंडळात पखवाजाला कोण बसतो, आणि त्याच्या आधी कोण बसत असे? सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीपुढे तुमच्या ओळखीचा कोण वाजवीत गेला? एक साधी वही करा. नाव, वाद्य, कोणाकडे शिकला, कोणत्या साली. एवढे चारच रकाने. आपल्या सोलापूरच्या राम जोशींनी आपले नाव कवनातच घातले, म्हणून ते दोनशे वर्षे टिकले. मागे उभे राहून झील धरणाऱ्यांना ती सोय नव्हती.

मामा जाऊन आता बरीच वर्षे झाली. त्यांनी शेकडो लग्ने वाजवली. त्यांपैकी एका लग्नाचा फोटो आमच्याकडे आहे. मध्ये नवरा-नवरी, भोवती वऱ्हाड, आणि अगदी उजव्या कडेला अर्धी क्लॅरोनेट व चार बोटे. माणूस फोटोत मावलेला नाही. ती बोटे मी बाकाच्या कडेवर हलताना पाहिली होती, म्हणून मला ओळखता आली. आमच्या मुलांना ती ओळखता आली नसती. त्या फोटोच्या पाठीवर मी मामांचे नाव, वाद्य आणि साल शाईने लिहून ठेवले आहे.

तुमच्याही घरी असा एखादा फोटो असेल. ज्याला ती बोटे ओळखू येतात असे म्हातारे माणूस घरात आहे तोवर त्याला विचारून घ्या, आणि आज रात्रीच लिहून ठेवा.